उचकी

मंगळवारी चारला गाडी दोन चौक अलीकडेच उभी करायची,
हा साहेबांचा हुकूम.
आवेयानेदात ज्यांचं नाव निघालं की कसाई सुरी खाली ठेवतो,
ते दॉन आन्सेल्मो ब्रुत्सोने
टोपी भुवयांवर ओढून, फुलवाल्याच्या आडून
तिसऱ्या मजल्यावर रडायला जातात,
हे कुणाला कळता कामा नये.

सुरुवात उचकीने झाली. ऐन धमकीत.
"उद्यापर्यंत पैसे आले नाहीत तर तुझे गुडघे—" उच्.
समोरचा मासेवाला आधी थरथरला,
मग त्यानेच उठून पाण्याचा पेला आणून दिला.
साखर झाली, लिंबू झालं, श्वास कोंडून झाला,
मी मागून "पोलीस!" असं ओरडूनही पाहिलं.
उचकी गेली नाही. माझा एक दात गेला.

बुएनोस आयर्समध्ये बेकऱ्यांपेक्षा मनाचे डॉक्टर जास्त.
आम्हाला मिळाल्या नेलिदा वाइसमान, वय सत्तर,
वजन आमच्या काडतुसांच्या पेटीएवढं.
पहिल्या दिवशी मी वर जाऊन कोच तपासला.
उशीखाली एक बटण, अर्धी पेन्सिल,
कुणाचातरी अजून ओला रुमाल.
"हत्यार आहे का इथे?" मी दरडावलं.
"आहे," बाई म्हणाल्या, आणि घड्याळ दाखवलं.

पन्नास मिनिटं झाली की त्या म्हणत, "इथे थांबू या."
साहेबांना आजवर कुणी थांब म्हटलं नव्हतं.
म्हणजे, म्हटलं होतं काही जणांनी.

एक मंगळवार बोटीच्या भानगडीत बुडाला.
तरी बिल आलं.
आलात तर पैसे, नाही आलात तर पैसे.
साहेबांनी तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला.
"रुफिनो," ते म्हणाले, आवाजात चक्क आदर,
"हा तर हप्ता आहे रे! आणि वर पावती देते!"

तिथून आमच्या वसुलीची भाषाच बदलली.
"उशीर का झाला?" नाही,
"उशीर करताना तुला आत काय होतं?"
बेकरीवाला फासियो सव्वा तास आईवर बोलला.
पोरं रिकाम्या हातांनी परतली, डोळे सुजलेले,
आणि एकाने हळूच विचारलं,
बाईंकडे बुधवार मोकळा आहे का.

धंदा बसला. साहेबांना झोप लागू लागली.
उचकी तेवढी तशीच.

मग जूनमधला तो गारठलेला मंगळवार.
साहेबांचा चष्मा गाडीत राहिला, म्हणून वर गेलो.
दार अर्धवट उघडं.
"माझी आई ओदेसाची," बाई सांगत होत्या,
"ती म्हणायची, उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय.
त्याचं नाव घ्यायचं. थांबते."
साहेब खो-खो हसले. मग उच्.
"पान्चो," ते म्हणाले. उच्.
"पान्चोचा धाकटा भाऊ." उच्.
"तो लंगडा, बंदरावरचा, एलिहियो." उच्.
"तो ट्रकवाला… पिवळा स्वेटर… त्याचं नाव—" उच्.
"नाव मी विचारलंच नव्हतं."

मी चष्मा धरून दाराशी.
त्या सगळ्यांना गाडीच्या डिकीतून
रियाचुएलोच्या काळ्या पाण्यापर्यंत
मीच तर सोडून आलो होतो.
पन्नास मिनिटं कधीच उलटून गेली होती.
त्या दिवशी बाई थांबू या म्हणाल्या नाहीत.

खाली आल्यावर साहेबांनी फुलं घेतली
आणि पैसे दिले.
सुटे परत करताना फुलवाल्याचा हात इतका कापला
की नाणी गटारात गेली.

गाडीत ते लगेच घोरू लागले, तोंड उघडं, लहान पोरासारखे.
पुलावर आल्यावर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.
पिवळ्या स्वेटरवाल्याचं नाव मला ठाऊक आहे.
डिकी बंद करायच्या आधी त्याने मला सांगितलं होतं,
मी विचारलं नव्हतं तरी.

खाली पाणी. काचेवर माझाच श्वास.
कुणाला धमकावलं नाही, कुणाशी बोललोही नाही,
आणि तरी,
उच्.