एकशे अठरा काप

ओलेक म्हणाला, हात अंगापासून जरा लांब धरा, हलू नका,
आणि गेनोवेफाबाई हलल्या नाहीत.
फिरत्या पाटावर, अंगासरशा करड्या बनियनमध्ये,
दुकानाच्या काचेतल्या केकसारखं
एकसष्ट वर्षांचं शरीर फिरवून घेतलं त्यांनी
सगळ्या बाजूंनी, एकदा.

आजवर मापं त्यांनीच घेतली.
टेप गळ्यात, टाचण्या ओठांत.
वूच शहरातल्या किती बायकांच्या छात्या, कमरा
त्यांच्या वहीत आहेत, पेन्सिलीनं लिहिलेल्या,
काही खोडून पुन्हा लिहिलेल्या, दर बाळंतपणानंतर.
पण आपल्याच पाठीवर
आपला टेप सरळ बसत नाही.
आणि कारखान्याच्या लिलावातून आणलेला पुतळा
समान खांद्यांचा, कुणाचाच नसलेला.
त्याच्यावर बेतलेला झगा
बाईंच्या अंगावर आला की
डाव्या बगलेत रुसून बसायचा.

पडद्यावर त्या उमटल्या तेव्हा
डोकं नव्हतं, हात नव्हते,
नुसता ठिपक्यांचा थवा.
काखेत राहिलेली भोकं ओलेकनं बुजवली.
पुढचं काम माझं:
सहा-सहा मिलिमीटरचे आडवे काप,
मानेपासून मांडीपर्यंत एकशे अठरा.

पुठ्ठा फ्रिजच्या खोक्यांचा, फुकटचा.
लेझर त्याच्यावरून गेला की
करपल्या पावाचा वास सुटतो, कडा तपकिरी होतात.
एका कापावर छापील छत्री राहिली, भिजवू नका म्हणणारी.
एकावर 'ही बाजू वर' सांगणारा बाण, आडवा पडलेला.
दोन्ही आत गेले, पोटाच्या जागी.
या शहराच्या नद्याही जमिनीखालूनच वाहतात,
कुणी त्यांची चौकशी करत नाही.

एक्केचाळीस ते साठ हे काप
डावीकडे सरकलेले निघाले.
मला वाटलं, मशीनचा पट्टा ढिला झाला.
पट्टा आवळला, वीसही पुन्हा कापले.
पुन्हा तसेच.
तिसऱ्यांदा पुठ्ठा लावत होतो,
तर मागून बाई म्हणाल्या,
मशीनला कशाला बोल लावतोस?
बत्तीस वर्षं डाव्या कोपरावर रेलून काजं केली मी.

मग काठीत ओवत गेलो आम्ही, आकडा बघून,
गोंद, काप, गोंद, काप,
आणि टेबलावर हळूहळू
एक थकवा उभा राहिला, नीट मापात.

बाईंनी टेप काढला. आधी स्वतःला, मग तिला.
कंबर तीन सेंटिमीटर कमी.
ओलेकचे कान लाल झाले.
त्यानं आकडे तपासले, कॅमेरा तपासला,
पुन्हा उभ्या राहाल का, म्हणून विचारलं.
बाई आधी गप्प. मग टाचण्या ओठांतून काढून
(टाचण्या ओठांत असताना हसायचं नसतं)
हसल्या, खोकला येईपर्यंत.
अरे, दोन तरण्या पोरांपुढे उभी होते मी.
पोट आत ओढलं नसेन होय?

पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत त्या.
जुन्या फ्लॅनेलच्या परकराची पट्टी फाडली,
पुठ्ठ्याच्या कमरेला दोन वेढे दिले,
मोठे मोठे टाके घातले.
हं, म्हणाल्या, आता सोड श्वास.
हे तिला म्हणाल्या की स्वतःला,
मी विचारलं नाही.

जाताना ते जादाचे वीस कापही मागून नेले.
टाकायचे कशाला?

मार्चमध्ये एक पार्सल द्यायला त्यांच्याकडे गेलो.
दार उघडलं ते निळ्या झग्यात.
डावी बगल शांत.
मी काही बोललो नाही, त्यांनी बघितलं की मी बघितलं.
खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या,
प्रत्येक कुंडीखाली त्यांच्या कमरेचा एक काप.
बावन्न नंबरवर पाण्याचं वर्तुळ उमटलेलं,
कडेला जरा फुगलेलं.