ओ

किसुमूत, जाळी-दोरखंडांच्या दुकानावरच्या माडीवर
महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी माइक लावतात.
नावं मी लिहून घेते: नाव, भाषा, मिनिटं.
पेन्सिल एकच, तीही बोथट.

पहिला गुलेद. गोष्टीआधी
त्यानं आम्हाला उत्तर शिकवलं.
मी म्हणेन, गोष्ट, गोष्ट!
तुम्ही म्हणायचं, रेशमाची गोष्ट.
आम्ही सोमालीत अडखळत रेशीम म्हटलं
तेव्हा कुठे त्याचा उंट जागचा हलला.

मग नाफुनाची बुकुसू म्हातारी,
राक्षसाच्या पोटातून अख्खं गाव बाहेर काढणारी,
कोंबड्यांसकट.
मग शेंगमध्ये एक मोटारसायकलवाला पोरगा;
त्याचा ससा पोलिसांना हप्ता देतो.
हशा ऐकून खालचे जाळीवालेही वर आले.
कुणी "पाउक्वा!" ओरडलं की
भिंतीसुद्धा "पाकावा!" म्हणतील, इतकं पाठ.

नवव्या नंबरला दोर्सिला.
म्फांगानो बेटावरून सकाळच्या बोटीनं आलेली,
पिशवीत सुकी ओमेना, वास तिच्याआधी जिना चढला.
भाषा? मी विचारलं.
"घरची," म्हणाली.
बोलत होती लुओ, म्हणून मी लुओ लिहिलं.

माइक तिनं बाजूला सारला,
भातावरची वाफ सारतात तसा,
आणि हाक घातली. दोनच शब्द.

कुणालाच ओ देता येईना.

पंखा. खाली कुत्रं.
नाफुना माझ्याकडे बघते, मी यादीकडे.
ज्यांनी उत्तर द्यायचं, त्यातल्या पोरी
लुओंच्या घरी दिल्या, पोरं लुओंच्या शाळेत बसली,
काही तर तिच्याही आधी मातीत गेली.
ती जराशी थांबली,
फुंकल्यावर चूल धरते का पाहावं, इतकीच.
मग मान दुसरीकडे वळवून,
पुढचे दात पडलेल्या पोरीच्या बारीक आवाजात
स्वतःच ओ दिली.

आणि सांगत सुटली.
अवाक्षर कळलं नाही. पाणी असावं.
पाण्यातून कुणी काहीतरी ओढत होतं, जड;
तिचे खांदे भरून आले, मग आमचेही.
मधूनच ती पुन्हा हाक घालायची,
पुन्हा वळायची, पुन्हा ती पोर.
तिसऱ्या खेपेला गुलेदचे ओठ हलताना मी पाहिले.
मिनिटं कधीच संपलेली.
घंटी माझ्या मांडीवर होती.

शेवटी मी यादीतलं लुओ खोडलं,
आता काय लिहू, हे विचारायला
तिच्या मागे धावले तर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर,
आणि खाली अंधारात तो मोटारसायकलवाला
तिचं उत्तर घोळवत उतरतोय, वेडंवाकडं,
स्वतःशीच.

"असं नव्हे रे!" ती लुओत ओरडली,
त्याला कळावं म्हणून.
"शेवट वर न्यायचा.
आईनं बोलावल्यावर धापा टाकत येतात ना, तसा.
म्हण पुन्हा."