ओल

गाठ पहिल्यांदा सापडली ती रमाकांत न्हाव्याला.
वस्तरा गळ्याखाली थांबला, डावीकडे,
हासळीच्या जरा वर.
"आबा, हे कधीपासून?"
"शर्टाचं बटण असेल," आबा म्हणाले.
अंगात नुसता बनियन होता.

घोरपडे पेठेतल्या डॉक्टरांनी टीबी धरला.
दीड महिना लघवी लाल करणाऱ्या गोळ्या,
तोवर हरभऱ्याची सुपारी झाली.
मग सुई, मग काचपट्टी,
मग टिपणीस बाईंचा फोन:
मूळ खाली आहे. प्रोस्टेटला.

मी रिपोर्ट उलटसुलट वाचला.
ओटीपोटातल्या गाठी साफ. हाडं साफ.
मधले सगळे थांबे सोडून
हे थेट मानेशी कसं आलं?
बाई म्हणाल्या, होतं असं, क्वचित.
पुस्तकातला रस्ता प्रत्येकजण धरत नाही.

आबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.
एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाले,
पर्वतीच्या टाकीखालचा एकेक व्हॉल्व्ह हाताखालून गेलेला.
"लाइन फुटते खडकमाळ आळीत
आणि ओल येते शुक्रवारात, कुणाच्या तरी देवघरात.
मधला रस्ता कोरडा ठणठणीत.
साहेब लोक ओल दिसेल तिथं खणायचे.
नकाशा साहेबाचा असतो, पाणी पाण्याचं."

बाईंनी मग पॅडवर काढून दाखवलं:
लसिकेची मोठी नळी पोटातून वर चढते
आणि डाव्या खांद्याशी रक्तात रिकामी होते.
आबांनी चष्मा लावला. नळीवरून बोट फिरवलं.
"यात व्हॉल्व्ह असतात?"
"असतात. बरेच."
"बंद करता येतात?"
बाईंनी पेनाला टोपण लावलं.

आता दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन.
भर डिसेंबरात घाम फुटतो, पंखा लागतो.
आईच्या कॉटवर ते बसत नाहीत हल्ली,
आणि आई विचारत नाही.
गाठ पुन्हा हरभऱ्याएवढी.

पण रात्री तीनला जाग येतेच,
पाणी सोडायच्या वेळेला.
मी पाहिलंय, अंधारात बसलेले असतात,
दोन बोटं हासळीवर, मान कलती,
पूर्वी पहारीचं एक टोक रस्त्यावर टेकवून
दुसरं कानाला लावायचे
तसे.

"काय ऐकू येतंय, आबा?"
"आधी तो पंखा बंद कर."