ओळंबा

तिसऱ्या स्लॅबची सळई बांधून झालेली.
सोमवारी काँक्रीट येणार, म्हणून
रविवारीच थापी घासून ठेवली होती मी.
सोमवारी गेटला कुलूप.
वॉचमन म्हणाला, सायेब फोन उचलत न्हाईत,
आणि चहा पाजला.
पगार त्याचाही अडकला होता.

नऊ दिवस गोवावेसला उभा राहिलो.
साडेआठनंतर जो उरतो
त्याच्याकडे टेम्पोवाला बघतसुद्धा नाही.
नाळे बा, म्हणाला एक मेस्त्री.
उद्या ये, म्हणाला दुसरा.
दोन्ही भाषांत उद्या तेवढाच लांब.

दहाव्या दिवशी परश्या हुद्दारनं
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नेलं.
बसलिंगण्णानं काळी वाळू हातावर ठेवली.
दाब, म्हणाला.
दाबली. मूठ उघडली.
बोटांचे वळ राहिले, गोळा फुटला नाही.
ओल बरोबर आहे, मी बोलून गेलो.
मला हे येतं, हे मलाच तेव्हा कळलं.

आता साचे भरतो. थापी तीच, जरा लहान.
भिंत बांधली की उभी राहते,
साचा मात्र लोखंड निवलं की फोडायचा.
पहिल्या दिवशी हात धजेना.
बसलिंगण्णा हसला, हातोडा पुढं केला.

घरी जाताना बसमधून ती इमारत दिसते.
सळया तांबारल्यात.
मी खांब मोजतो. सोळा.
कोपऱ्यातला एक ओळंब्यात नाही.

तो मी धरलेला नव्हता.