अर्धा सूर खाली

मोहननगरच्या चर्चातली पायपेटी,
दोन पट्ट्या मुक्या, भाता दमेकरी.
नवतप्यात तिचा सूर असा बसायचा
जसा दुपारी दोनला कूलरसमोर माणूस बसतो.
अर्धा सूर खाली. नेहमीच.
पाळकसाहेबांना कळलं नाही,
आम्ही वीस पोरं तशीच गायलो.
वाजवायला बाबा, मोतीबागच्या शेडमधून थेट,
नॅरोगेजचं ग्रीस बोटांवरून पट्ट्यांवर.

पुण्याच्या परीक्षेत एक बाई म्हणाल्या,
कान चांगला, पण मुलगी उतरते.
वर ये, आणखी वर, बोटानं छत दाखवत राहिल्या.
मी टाचा उचलून गायले.
नापास.

बाविसाव्या वर्षी, चर्चची वर्गणी आणि आईच्या पाटल्या मोडून,
हॉलंड.
थंडगार दगडी खोलीत एका वाकलेल्या म्हाताऱ्यानं
हार्पसिकॉर्डची एक पट्टी दाबली
आणि मला रडू फुटलं.
हा तर मोहननगरचा सा!
तो म्हणाला, तीनशे वर्षांपूर्वी आमच्याकडे इथेच गायचे,
नंतर लोकांनी ताणून वर नेलं.
तुला हा कुणी शिकवला?
उन्हानं, मी म्हटलं.

पुढे एकतीस वर्षं मी पुरुष होते.
रोमचा सेनापती, इराणचा राजा, एक रडका राजपुत्र.
पत्र्याची तलवार, छातीला घट्ट पट्टा.
ज्या पोरांना कापून त्यांचा गळा कोवळा ठेवला
त्यांच्यासाठी लिहिलेली ही गाणी.
ती पोरं गेली, अंगरखे उरले,
ते मी घातले.
मोठ्या थिएटरांनी कधी बोलावलं नाही.
माझ्या वाट्याला दीडशे खुर्च्या, ओले कोट,
आतड्याच्या तारा, पाऊस आला की ढिल्या,
दर दोन गाण्यांमागे पुन्हा जुळवा.
बाबा शेडमध्ये सांगायचे, पोरगी तिकडे राजा हाय.
ते गेले त्या रात्री मी मंचावर मरत होते,
सावकाश, सात मिनिटं.
फोन मध्यंतरात आला.
पुढच्या अंकात मी भूत होऊन येते.
आले.

आता शेजारची कुंदा वासनिक पोहे आणते,
तर्री वेगळ्या डब्यात,
आणि दारातच उभी राहून रियाज ऐकते.
"थे सुरुवातीचं पुन्हा काऊन म्हणून राहिली?"
मी सांगते, या गाण्याची रीतच अशी:
पहिलं, मग मधलं, मग परत पहिलं.
पण दुसऱ्यांदा सरळ म्हटलं तर लोक पैसे परत मागतील.
"मंग आमच्या सासूचं तसंच हाय," ती म्हणते,
"गाऱ्हाणं एकच, दर वेळी हरकत नवी."

गेल्या आठवड्यात पौनीकर मेकॅनिक आले.
पेटीच्या पोटातून सगळ्या पितळी जिभा काढल्या,
घासल्या, मोबाइलवरचा काटा हिरवा होईपर्यंत.
"बाई, चाळीस वर्षं उतरूनच होती थे,
कोणी सांगलं नाही?"
मी पाचशे जास्त दिले.

रविवारी उपासना संपली, बाकं रिकामी झाली,
बाहेर सेहेचाळीस.
भाता मारला. पांढरी दोन:
नवी, कोरडी, बरोबर.
मग बोट एक पट्टी डावीकडे सरकवलं,
काळी एक.
फटीत अजून थोडं ग्रीस, किंवा नुसता मळ.
टाचा जमिनीला टेकलेल्या.
आणि सुरुवातीपासून.