पदोन्नती

तितरमारेंना सुपरवायझर केलं तेव्हा
त्यांनी अख्ख्या शेडला संत्रा बर्फी वाटली.
मी दोन वड्या खाल्ल्या.
दुसरी त्यांनीच हातावर ठेवली,
"घ्या ना साहेब, तुमीच त सही केली."

मीच केली होती.
हिंगण्याच्या एमआयडीसीत, कूलरच्या कारखान्यात
मला सह्यांचाच पगार मिळतो.
त्यांना आठशेची वाढ,
निळ्याऐवजी पांढरा शर्ट, खिशाला पेन.
काम तेच, पंपाला कान लावून
तो पाण्यात किती उन्हाळे काढेल ते सांगायचं.

वकील तीन वर्षांनी म्हणाले,
बरं झालं तुम्ही यांना वर घेतलंत.
कामगार असते तर शेवटी आला तो आधी जातो,
वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, युनियन, सगळी भानगड.
सुपरवायझरला काय,
एक महिन्याचे पैसे आणि पत्र.

शपथेवर सांगतो,
सही करताना हे माझ्या मनात नव्हतं.
पण शपथेवर सांगणाऱ्यांचं
मी स्वतः कधी खरं धरलेलं नाही,
वीस वर्षं आजारपणाच्या रजेचे अर्ज वाचतोय.

मालक वाईट नाहीत.
लोक किस्तीवर एसी घेतात आता,
मागच्या उन्हाळ्याचे चारशे कूलर
अजून गोदामात पॅकबंद आहेत.
हे खरं आहे. हे खरं आहे म्हणून
मी ते सगळ्यांना सांगत असतो.

यादी मी रविवारी केली, घरी,
त्रिमूर्तीनगरात, बायको पापड वाळत घालताना.
अकरा नावं झाली. मालकांनी बारा सांगितली होती.
बारावं शोधताना ध्यानात आलं
की मी एकेकाला वगळत चाललोय,
हा ओरडेल, हा कोर्टात जाईल,
याचा साळा नगरसेवकाच्या मागे फिरतो.
उरला तो, जो काही करणार नाही.
सव्वीस वर्षांत ज्यानं काही केलं नाही
कामाशिवाय.

फॉर्मवर रकाना होता, शिल्लक रजा.
दोनशे अकरा.
पंचेचाळीसच्या वरच्या नियमाप्रमाणे बुडतात.
म्हणजे एकशे सहासष्ट दिवस,
कुणाच्या बारशाचे, कुणाच्या दहाव्याचे,
मेडिकलच्या रांगेत बायकोजवळ उभं राहण्याचे.
ते कुणाच्या खात्यात जमा झाले
हे कळायला वेगळा फॉर्म लागत नाही.

मे महिना. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.
ते माझ्या केबिनमध्ये बसले नाहीत.
पत्र घेतलं, वाचलं नाही,
चार घड्या घालून पेनाच्या खिशात ठेवलं.
म्हणाले,
"तीन नंबरच्या टाकीचा कॉक
जरासा दाबून फिरवा लागते,
नाही त रातभर गळते.
नव्या पोराले सांगून ठेवजा."

मग दारातून वळून,
"माहं काही चुकलं का, साहेब?"

नाही म्हणालो.
खरं तेच होतं,
आणि त्याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं.
हो म्हणालो असतो
तर घरी न्यायला निदान एक कारण मिळालं असतं,
चूल पेटेपर्यंत बायकोसमोर ठेवायला,
आम्हाला चार शिव्या द्यायला.
मी त्यांना रिकाम्या हातानं
आणि संपूर्ण निर्दोष पाठवलं.

नव्या पोराला मी काही सांगितलं नाही.
त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं
की हे मला कोणी सांगितलं.

संध्याकाळी शेड रिकामी झाली
की मी स्वतःच जातो, बाह्या वर करून.
दाबतो. फिरवतो.
सकाळी फरशीवर पाणी असतंच.

किती दाबायचं,
ते विचारायचं राहिलं.