कान दिसले पाहिजेत

कान दिसले पाहिजेत, मी सांगतो,
केस मागे घ्या, चष्मा काढा,
आणि हसू नका.
आमच्या चियातुरात हे हुकूम पोरासोरांनाही पाठ आहेत.
दरीच्या तळाशी नदी, मँगनीज धुऊन धुऊन काळी पडलेली,
वर तारेला टांगलेले पाळणे,
आणि पोस्टाला लागून माझं दुकान:
एक स्टूल, एक पांढरा पडदा, छत्रीतला दिवा.
लग्नाचे फोटो हल्ली लोक फोनवरच काढतात.
माझ्याकडे येतात ते जाणारे.

का जाताय, असं मी विचारत नाही.
स्टुलावर बसलं की लोक आपणहून बोलतात,
न्हाव्यापुढे बोलावं तसं.
आधी सगळे पैसे म्हणतात.
खिशात हात घातला की
पहिलं तेच लागतं हाताला, सुटं नाणं.
त्याच्या खालचं वर यायला
दिवा नीट लावण्याइतका वेळ लागतो.

झुझुना मास्तरीण, सदतीस वर्षं त्रैराशिक शिकवून
चालली बारीला, कुणा म्हातारीचं अंग पुसायला.
म्हणाली, नुगझार, सासूचं केलं, सासऱ्याचं केलं,
दिराचंही केलं, आणि तो तर नुसताच आळशी होता.
काम तेच आहे.
तिकडे त्याचा पगार देतात,
आणि गुरुवारी दुपारची सुट्टी.
गुरुवार हा शब्द तिनं दोनदा म्हटला,
आरशापुढे नवं कानातलं घालून बघावं तसा.

ओतियाला सांगता येईना.
बावीस वर्षांचा. पाव आणायला निघालो, म्हणाला,
तर चार जण विचारतात, कुठे निघालास?
मला एकदा अशा गावात चुकायचंय
जिथे कुणी हाताला धरून घरी आणून सोडणार नाही.

मार्चमध्ये दोघं आले, तासाभराच्या अंतरानं,
एकमेकांना न ओळखणारे.
दोघांच्या अंगात एकच निळा शर्ट,
कॉलरवर डावीकडे तोच शाईचा ठिपका.
कुठे? वॉर्सा.
कुठे? वॉर्सा.
दुसऱ्याच्या फोटोतला ठिपका मी हळूच पुसून टाकला.
वकिलातीतली माणसं फोटो शेजारी शेजारी ठेवून बघतात.

एक बाई लेकीच्या दातांसाठी गेली.
एक जण गेला, भावाला तोंड दाखवायला नको म्हणून.
एक तर, शेजारणीनं स्वयंपाकघरात नवी फरशी बसवली म्हणून.
तुम्हीही हसू नका.
मी ती फरशी पाहिली आहे.

आणि लामझिरा.
ती आली दुकान बंद करायच्या वेळी,
रोज डबा घेऊन यायची तशीच,
पण हातात डबा नव्हता.
स्टुलावर बसली. केस मागे घेतले. कान दाखवले.
उजव्या पाळीवर तिला तीळ आहे
हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर
मला भिंगातून कळलं.
सवयीनं मी म्हणालो, हसू नका.
मी कुठे हसतेय, ती म्हणाली, बघ की.
बघितलं. बटण दाबलं.
मग तिनं पर्स उघडली
आणि सगळ्यांसारखे पैसे मोजून टेबलावर ठेवले.

नऊ वर्षं झाली.
महिन्याकाठी व्हॅनमधून खोकं येतं:
कॉफी, साबण, एकदा कुणा वारलेल्या म्हाताऱ्याचे बूट,
नेमके माझ्या मापाचे.
फोनवर ती म्हणते, ये.
मग म्हणते, नाही तर राहू दे.
दोन्ही एकाच आवाजात.
पलीकडे कुणीतरी तिला हाक मारतं, दुसऱ्याच नावानं,
तिथे त्यांना लामझिरा म्हणता येत नाही,
आणि ती ओ देते.

फोटो सहा महिन्यांहून जुना चालत नाही, असा नियम आहे.
म्हणून वर्षातून दोनदा
दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी टायमर लावतो आणि स्टुलाकडे धावतो.
दहा सेकंद मिळतात. गुडघे आता साथ देत नाहीत.
फोटोत मी बसायच्या बेतात असतो, पुसट,
एकच कान दिसत असतो.
चालणार नाही, मी म्हणतो,
आणि दिवा मालवतो.